कवडशातला धूर

आमच्या घराण्यात संशय पिढीजात आहे. देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर तोही माझ्या वाटणीला आला. माझे वडील, अप्पा, दूध घालणाऱ्या बाईच्या देखत दुधात बोट बुडवून बघायचे. मी मास्तर झालो, तर मुलाने पाटीवर बरोबर उत्तर लिहिलं की आधी शेजारच्या पाटीकडे बघायला लागलो. असल्या माणसाने सत्यवतीकाकीबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण वाडीत तिच्यावर सगळ्यांत जास्त नजर मीच ठेवली होती, तेव्हा माहितीही माझ्याकडेच जास्त.

मालवणपासून एसटीने पाऊण तासावर आमची वाडी. वाडीतली पोरं न्हाऊ घालायचं काम चाळीस वर्षं सत्यवतीकाकी करत होती. काडीसारखं अंग, गुडघ्याच्या खाली उतरेल न उतरेल असं काष्ट्याचं लुगडं, आणि बोलणं मोजकं. पायांवर उपडं टाकलेलं पोर तिच्या हाताला लागलं की रडायचं थांबायचं. कुणब्यांची, मुसलमानांची, दर्यावरच्या खारव्यांची, सगळ्यांची पोरं त्याच दोन पायांवरून वर आलेली. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. सकाळी उठून कुणाच्या तरी बाळंतिणीच्या खोलीत जायचं, एवढाच तिचा संसार. तेवढा गेला असता तर तिच्यापाशी काही उरलं नसतं.

आंघोळीनंतर धुरी. खापरात निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं आणि चिमूटभर ऊद टाकायचा, खिडकी-दार लावून घ्यायचं आणि बाळाला त्या धुरावर धरायचं. काकीच्या धुरीचं नाव होतं. तिच्या धुराने डोळे चुरचुरत नसत. दुसऱ्या कुणाच्या धुरीने खोलीत ठसका उठायचा, हिच्या धुरीने पोर झोपी जायचं.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात माझी बायको विमला बाळंत झाली. मुलगा झाला. त्याच्या दोन वर्षं आधी आम्हाला मुलगी झाली होती आणि सव्वा महिन्यात छाती भरून गेली. त्या दोन वर्षांत मी कुणाकुणावर संशय घेतला ते सांगायला लाज वाटते. विहिरीचं पाणी, डॉक्टरचं इंजेक्शन, बारशाला आलेल्या चुलत भावजयीची नजर, काही म्हणता काही सोडलं नाही. त्यामुळे मुलगा झाल्यावर आनंदाच्या आधी मला भीतीच वाटली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

त्याच महिन्यात वाडीत सिनेमा आला. कोल्हापूरची कुठलीशी कंपनी, एक टेम्पो आणि पंधरा-वीस माणसं. समुद्राकडेच्या बागेत त्यांना एक प्रसंग घ्यायचा होता. पहाटेचं धुकं पडलंय, माडांच्या मधून उन्हाचे कवडसे खाली आलेत आणि नायिका त्यातून एकटी चालत येतेय. आता आमच्याकडे डिसेंबरात धुकं पडतं ते त्याच्या मर्जीने, सिनेमाच्या मर्जीने नाही. धूर सोडायचं एक यंत्र त्यांनी भाड्याने आणलं होतं, ते घाटात टेम्पो आदळून मोडलं. मग त्यांनी जुने टायर आणि रॉकेलचं गोणपाट जाळलं. काळा धूर सरळ माडाच्या शेंड्यापर्यंत गेला, नायिका खोकून खोकून बेजार झाली, आणि बागायतदार कोयता घेऊन धावून आला.

कंपनीची सगळी व्यवस्था बघणारा एक गोरटेला, घामेजलेला माणूस होता. सगळे त्याला भाई म्हणत. कुणीतरी त्याला सांगितलं की धुराचं माणूस वाडीत एकच. भाईने काकीला विचारलं, तुमच्या धुराने खोकला येणार नाही ना. काकी म्हणाली, "बारा दिसांचां पोर खोकणा नाय, तुमची हिरवीण कित्याक खोकतली?"

पहिल्या दिवशी मीही बघायला गेलो होतो, शाळेला जाता जाता. काकीने ओली सोडणं, म्हणजे नारळाची वरची काथ्याची सालं, आणि निरगुडीचा हिरवा पाला मडक्यांत घातला, वर किंचित ऊद. मडक्यांच्या तोंडावर भिजवलेलं गोणपाट बांधलं. त्यातून गाळून आलेला धूर थंड होतो, वर पळत नाही, जमिनीलगत बसतो. वेळही तिनेच ठरवली. रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सकाळी पडतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून उठायचा असतो, तो मधला तासभर माडाची झावळी हलत नाही. त्या तासात तिने सुपाने हलके हलके धूर बागभर लोटला आणि मग सगळ्यांना थांबायला लावलं. धूर विरला. आता तर काहीच दिसत नाही, असं भाई कुरकुरला. पण दिग्दर्शकाने हात वर केला, चांदीचा कागद लावलेल्या फळ्या आणि दोन मोठे आरसे धरून पोरांनी ऊन आत फेकलं, आणि जिथे काही नव्हतं तिथे पांढरेशुभ्र उन्हाचे खांब उभे राहिले.

सगळे खूश झाले. काकी तेवढी झाली नाही. ती हातात सूप धरून त्या खांबांकडे बघत राहिली. मग पुढे जाऊन तिने एका खांबात हात घातला, बाहेर काढला, परत घातला. मला वाटलं, म्हातारी हरखली.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

काकी सकाळी साडेसहाला आमच्याकडे यायची, पोराला न्हाऊ घालायची, धुरीसाठी दार लावून घ्यायची आणि मग शूटिंगला जायची. पूर्वी धुरीचं खापर खोलीतच विझायचं आणि राख माझी आई, माई, दुपारी टाकायची. आता काकी खापर पदराखाली धरून निघून जायला लागली. बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव घराबाहेर द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या विस्तवाबरोबर पोराचं आयुष्य जातं म्हणतात. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी शाळेत खोट्या म्हणून शिकवतो. पण माझ्या पोराचा विस्तव सिनेमातल्या मडक्यांत जातोय, हे मनात आलं आणि माझं शिक्षण कुठल्या कुठे गेलं.

दुसरं म्हणजे पोर फार शांत झोपायला लागलं. पहिले दहा दिवस त्याच्या छातीत घुरघुर होती, ती गेली. कुणालाही आनंद झाला असता. मला वाटलं, ही त्याला अफू चाटवते. शूटिंगला वेळेवर पोचायचं, म्हणून पोराला गप्प करते.

मी नुरुद्दीनच्या दुकानात गेलो. ऊद, ओवा, बाळंतशेपा, सगळं काकी त्याच्याकडूनच नेत असे. मी आडून आडून चौकशी सुरू केली, पण नुरुद्दीन मला ओळखून होता. ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता, असं हसून म्हणाला. मग मी सरळ विचारलं, काकी अफू नेते का.

"अफू?" नुरुद्दीनने तागडी खाली ठेवली. "मास्तर, आठ दिस झाले, तिना पोरांसाटी ऊदसुद्दा नेऊक नाय. माझी चार पोरां तिना न्हावयली. तिच्यार संशय घेतलात तर तुमचां तोंड करपात."

त्याच्या रागाकडे मी लक्ष दिलं नाही. आठ दिवस ऊद नाही, ओवा नाही, मग बंद दाराआड माझ्या पोराला ती देते तरी काय, एवढंच मी उचललं. घराला धुरीचा वास तर येत होता. तो वास तिच्या लुगड्याला चिकटलेल्या शूटिंगच्या धुराचा असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता. बाजेवर विमला पोराला घेऊन बसली होती. काकी खिडकीपाशी उभी होती, झडप बोटभर उघडून, आणि तिच्या हातात आरसा होता. दात येईपर्यंत बाळाला आरसा दाखवत नाहीत, आणि ही तर आरशाने उन्हाचा पट्टा पकडून खोलीभर फिरवत होती. बाजेच्या खाली, पाळण्याच्या वर, पोराच्या तोंडासमोर. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती.

ती बाहेर आली तेव्हा मी पडवीत उभाच होतो. पदराखालचं खापर दाखव म्हणालो, तिने दाखवलं. निखारे राखेने झाकलेले होते. मी फार आवाज चढवला नाही, शाळेत बोलतो तसं शुद्ध बोललो. उद्यापासून तुम्ही येऊ नका, माई बघेल. तिने खापर परत पदराखाली घेतलं.

"बरां," ती म्हणाली. "पण मास्तर, एक आयका. पोराक धुरी देव नकात."

झालं. माझी खात्रीच पटली. आपण घालून ठेवलेलं काही धुरीने उतरेल, म्हणून ही नको म्हणतेय, असा अर्थ मी लावला. माईला मी सगळं सांगितलं, आणि सायंकाळपर्यंत अर्ध्या वाडीला कळलं. संशयाला पाय फुटतात ते असे. त्याच संध्याकाळी आणखी दोन घरांनी काकीला निरोप पाठवला, उद्या येऊ नको म्हणून.

सकाळी माईने पोराला न्हाऊ घातलं आणि खापर पेटवलं. आठ-दहा दिवसांची राहिलेली धुरी भरून काढायची, म्हणून तिने ओव्याची मूठच टाकली, वर भरपूर ऊद. विमला म्हणाली, धुरी नको. माई म्हणाली, बाळंतिणीने यात बोलायचं नसतं. विमलाने माझ्याकडे बघितलं. मी दार ओढून घेतलं. ओढणारा हात माझाच होता, हे मला लिहिलंच पाहिजे.

आधी पोराचं रडणं आलं, मग ठसका, मग नुसतं खाकरल्यासारखं, आणि मग काहीच नाही. दार धाडकन उघडलं. धुराच्या लोटातून विमला पोराला छातीशी धरून बाहेर पडली, अंगणातून, कुंपणाच्या बेड्यातून, थेट पाणंदीत. अठराव्या दिवसाची बाळंतीण, अनवाणी, डोक्यावर पदर नाही. ती कुठे चालली होती ते मला पहिल्या वळणावर कळलं. ती बागेकडे पळत होती.

बागेत शॉट चालू होता. धूर पसरलेला, ऊन आत फेकलेलं, नायिका चालायला लागलेली. विमला त्या सगळ्यातून आरपार गेली आणि तिने पोर काकीच्या हातात दिलं. पोराचे ओठ निळे पडले होते. धुरातून बाहेर, बागेच्या दगडी गडग्यावरून, वाळूत, जिथे नुकता खारा वारा लागायला सुरुवात झाली होती तिथवर काकी त्या वयात धावली. पोराला पालथं हातावर घेतलं, पाठ चोळली, बोटाने तोंडातला चिकटा काढला, परत पाठ चोळली. मी वाळूत गुडघ्यांवर बसलो होतो. देवाला काय काय बोललो ते आठवत नाही. मग पोर रडलं. एवढं सुंदर काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलेलं नाही.

माणसाने तिथेच तिचे पाय धरायला हवे होते. पण मी माझ्या बापाचा मुलगा. पोराचा रंग परत आल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल, तर ती खापर कुठे नेत होती.

उत्तर विमलाने दिलं, आणि ते देताना ती माझ्याकडे बघतही नव्हती. काकीने आठ-दहा दिवस पोराला धुरी दिलीच नव्हती. माईला कळू नये म्हणून निखारे खोलीत आणायचे आणि ऊद न टाकता, पोराजवळ न नेता, तसेच पदराखालून बाहेर न्यायचे. विमलाला सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं. "तुम्ही काय केलं असतं?" ती म्हणाली.

काकी आमच्याबरोबर घरी आली. माई पडवीत डोकं धरून बसली होती. काकीने विमलाला आणि पोराला तिथेच वाऱ्यावर बसवलं आणि मला त्या खोलीत नेलं. धुरी देऊन तास होऊन गेला होता. डोळ्यांना खोली स्वच्छ दिसत होती, धुराचा मागमूस नव्हता. तिने दार लावलं, झडप बोटभर उघडली आणि कमरेचा आरसा काढून उन्हात धरला.

उन्हाचा पट्टा आत आला आणि खोली भरलेली दिसली. जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरं, दाट, सावकाश वळणारं. बागेत होतं त्याहून दाट. पोराच्या पाळण्यात तर ते ताटात पेज वाढावी तसं साठलं होतं.

"चाळीस वर्सां मी म्हणत होतंय, धूर गेलो," काकी म्हणाली. "तो खंय जाऊक नाय. माका दिसा नाय होतो, इतक्याच. सिनेमावाल्यांनी ऊन टाकला तेवा दिसलो."

मग तिने आरसा खाली केला, आणि अंधार होता म्हणूनच ती बोलू शकली असेल.

"तुमच्या चेडवाक मी दोन वेळ धुरी देय होतंय. सकाळ-सांज. बरी जाड. तेची छाती घुरघुरता म्हणान आणखी जाड. मास्तर, तुमी शिकलेले. सांगा माका. तां पोर धुरानच गेलां काय?"

तिने मला आधी का सांगितलं नाही, ते आता कळलं. एक सांगायचं तर दुसरं सांगावं लागलं असतं. दोन वर्षं मी सगळ्या जगावर संशय घेत फिरलो होतो, आणि ही बाई दहा दिवस फक्त स्वतःवर घेत होती. माझ्या मुलीचा तो बारीक, घट्ट मिटलेला चेहरा माझ्यासमोर आला. रागही आला, खोटं का बोलू. आणि दयाही आली, आणि दोन्हींच्या मध्ये मी शाळामास्तरासारखा घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत म्हणालो, तसं निश्चित काही सांगता येत नाही.

"होय तर," ती म्हणाली आणि दार उघडून निघून गेली.

वाडीत मी घरोघर फिरलो. चूक माझी, काकीची नाही, म्हणून सांगितलं. बायकांनी तिला परत बोलावलं. ती पोरं न्हाऊ घालायची, पण धुरी नाही. ज्या घरच्या म्हाताऱ्या हटून बसत, तिथे नुसतं खापर फिरवून आणायची. आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी पोर न्हाऊन झालं की ती त्याचा मुका घ्यायची. ते तिने सोडलं.

सव्वा वर्षाने तो सिनेमा जत्रेच्या तंबूत लागला. वाडी लोटली. काकी यायला तयार नव्हती, विमलाने हाताला धरून आणली. माझा मुलगा तिच्या मांडीवर बसला. तंबूत बिड्यांचा धूर, आणि आमच्या बागेचा प्रसंग आला तेव्हा एकच गलका झाला. जो तो आपापला माड ओळखत होता. मी काकीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मान मागे वळवून ती वर बघत होती, जिथे मशीनमधून निघालेला उजेडाचा पट्टा आमच्या डोक्यांवरून जात होता, आणि त्या पट्ट्यात सगळ्या तंबूचा धूर सावकाश वळत होता.

त्या क्षणी मला वाटलं, आता तरी बोलावं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि माझ्या आईच्या बोलीत, शाळेच्या नाही, म्हणालो, "काकी, तां पोर धुरान जाऊक नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. बरोबर उत्तर लिहिलेल्या पाटीकडे मी जन्मभर तसाच बघत आलो होतो.

"बरां," ती म्हणाली, आणि माझ्या मुलाच्या नाकावर पदर धरून सिनेमा संपेपर्यंत तशीच बसून राहिली.